दहा दिवस ग्लॅडिएटर, शंभर दिवस नाटक : रोम ते पॉम्पेई

गुरुवार : वळणावरची घरं

रोमला निघालो म्हटल्यावर ज्याने त्याने कोलोसियमच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. हौशी नाट्यसंस्थेत माझी सगळी वर्षं विंगेत गेली. पडदा ओढायचा, प्रॉपर्टी सांभाळायची, नटाला वेळेवर आत ढकलायचं. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी तिथलं नाट्यगृह बघायचं असतं. रोममध्ये तर त्याला भक्कम आधार आहे. इ.स. ३५४ सालची एक रोमन दिनदर्शिका आपल्यापर्यंत पोचली आहे. तिच्यात सार्वजनिक खेळांसाठी वर्षाचे १७६ दिवस राखलेले दिसतात. त्यातले १०२ रंगमंचावरच्या करमणुकीचे, ६४ रथांच्या शर्यतींचे आणि ग्लॅडिएटरांचे फक्त १०. दिनदर्शिका उशिराची आहे हे खरं, पण त्याआधीही ठरलेल्या उत्सवांत रंगमंचाचंच पारडं जड होतं. ताई गणिताची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. तिला हा हिशेब ताबडतोब पटला. "मग आपणही त्याच प्रमाणात फिरू," म्हणाली. कोलोसियमला एक सकाळ, बाकीचा वेळ नाट्यगृहांना.

खोलीवर सामान टाकलं आणि संध्याकाळी काम्पो दे फिओरीला गेलो. बाजार उठत आला होता. चौकाच्या एका कोपऱ्यातून रंगवलेल्या छताचा अरुंद बोळ निघतो. पलीकडे बाहेर पडलं की विया दि ग्रोत्ता पिंता नावाची गल्ली लागते, आणि ती सरळ जातच नाही. घरांची अख्खी रांग अर्धवर्तुळात वळलेली. खिडक्या, कुंड्या, दाराशी लावलेल्या स्कूटर, सगळं त्या वळणावर. ही घरं पॉम्पी या रोमन सेनापतीने बांधलेल्या नाट्यगृहाच्या प्रेक्षागृहावर उभी आहेत. वरचे दगड लोकांनी नेले. पाया कोण नेणार? त्यावरच घरं चढत गेली.

इ.स.पू. ५५ मधलं हे रोमचं पहिलं पक्कं, दगडी नाट्यगृह. नाटकं मात्र त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं होत होती. उत्सव आला की लाकडी मंच उभारायचा, उत्सव संपला की मोडायचा. दगडी नाट्यगृह बांधायचा घाट एकदा इ.स.पू. दुसऱ्या शतकात घातला गेला होता, पण सेनेटने अर्धवट काम पाडायला लावलं. लोक आरामात बसून नाटकं बघायला लागले तर बिघडतील, ही भीती. पॉम्पीने यावर काढलेली पळवाट मला फार आवडली. प्रेक्षागृहाच्या सगळ्यात वर, मधोमध त्याने व्हीनसचं देऊळ बांधलं. म्हणजे हे नाट्यगृह नाही, देवळाच्या पायऱ्या आहेत; आता पायऱ्यांवर बसून कुणी नाटक बघितलं तर त्याला काय करणार?

उद्घाटनाचा थाट सिसेरो या वक्त्या राजकारण्याने एका पत्रात वैतागून लिहून ठेवलाय. एका शोकांतिकेत रंगमंचावरून ६०० खेचरं नेली, दुसरीत ३००० भांडी मिरवली. ईसोपस नावाचा थोर वयस्क नट खास या प्रसंगासाठी परतला आणि ऐन वेळी त्याचा आवाज बसला. ६०० खेचरं विंगेत सांभाळणाऱ्या माणसाबद्दल सिसेरो एक अक्षर लिहीत नाही. मला त्याचीच काळजी वाटत राहिली.

तिथून पाच मिनिटांवर लार्गो आर्जेंतिना. रस्त्याच्या पातळीखाली चार देवळांचे अवशेष आणि त्यांत निवांत पसरलेली मांजरं. नाट्यगृहामागे पॉम्पीने खांबांच्या ओवऱ्यांचं मोठं आवार केलं होतं. त्याच्या या टोकाला एक सभागृह होतं. इ.स.पू. ४४च्या १५ मार्चला सेनेटची बैठक तिथे भरली आणि सीझरचा खून झाला. सीझर नाट्यगृहाच्या आवारात मेला, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार : चौदा रांगा

सकाळी मार्सेलसचं नाट्यगृह. जागा सीझरने मोकळी करवली, बांधून पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने पूर्ण केलं आणि अकाली गेलेल्या भाच्याचं नाव दिलं. लांबून बघणारा हमखास कोलोसियम समजतो, पण हे त्याच्या जवळजवळ ९० वर्षं आधीचं. खाली दोन मजले रोमन कमानी, त्यांच्या डोक्यावर सोळाव्या शतकातला वाडा, आणि त्या वाड्यात आजही माणसं राहतात. आत जाता येत नाही. कमानींच्या कडेने पायवाट आहे, ती फुकट आहे आणि सावलीची आहे. आम्ही तिथे बराच वेळ काढला.

रोमन नाटकाला तिकीट नव्हतं. खर्च उत्सव भरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, आणि त्यात त्याची पुढची निवडणूक गुंतलेली. बसायचं कुठे, हे मात्र जन्म आणि संपत्ती ठरवायची. रंगमंचासमोरच्या अर्धवर्तुळात सेनेटर. त्यांच्यामागे पहिल्या १४ रांगा अश्वारोही वर्गाला, म्हणजे सेनेटरांच्या खालोखालच्या पैसेवाल्या मानकऱ्यांना; हा कायदा इ.स.पू. ६७चा. ऑगस्टसने आणखी बारीक वाटण्या केल्या. सैनिक वेगळे, लग्न झालेले पुरुष वेगळे, मुलगे वेगळे आणि त्यांच्या शेजारी त्यांचे शिक्षक. बायका सगळ्यात वर, शेवटी. चुलीची देवता व्हेस्टा, तिच्या पुजारणींना तेवढी खाली जागा.

ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्यांसकट मला थेट माळ्यावर."

त्या १४ रांगांचा एक किस्सा आहे. लाबेरियस नावाचा साठीचा मानकरी माइम लिहायचा. माइम म्हणजे मुखवट्याविना केलेलं चावट, रोजच्या भाषेतलं प्रहसन. रोमन रंगमंचावर बायकांनी कामं करायची जागा तीच. ती लिहिण्यात कमीपणा नव्हता, स्वतः मंचावर उभं राहण्यात होता. नट म्हणून पाऊल टाकलं की मानकरीपण गेलं. कारण नट हा रोमन कायद्याने बेअब्रू माणूस. लोक त्याला डोक्यावर घेणार, पण त्याला निवडणूक लढवता येणार नाही. तर सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये या लाबेरियसला रंगमंचावर उतरवलंच. सीझरच्या शब्दाला नाही कोण म्हणणार? स्पर्धेत तो पुब्लिलियस नावाच्या, गुलामगिरीतून सुटलेल्या नटाकडून हरला. मग सीझरने त्याला ५ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) आणि वर्गाची सोन्याची अंगठी परत दिली. अंगठी घालून तो १४ रांगांकडे बसायला गेला, तर कुणी सरकेना. सिसेरो म्हणाला, "जागा दिली असती रे, पण मीच दाटीत बसलोय." टोमणा सीझरला होता, त्याने सेनेटमध्ये माणसं कोंबली होती म्हणून. लाबेरियसने तिथल्या तिथे परतफेड केली, "नवल आहे, तू तर नेहमी दोन आसनांवर बसतोस." म्हणजे दोन्ही पक्ष सांभाळतोस.

दुपारी चिर्को मास्सिमो, रथांच्या शर्यतींचं मैदान. आता तिथे गवत, कुत्री फिरवणारे लोक आणि एका टोकाला थोडे अवशेष आहेत. सहाशे मीटरच्या वर लांबी डोळ्यांत मावत नाही. सात फेऱ्या, बारा दरवाजे. लाल, पांढरा, निळा, हिरवा असे चार गट. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय की लोकांचं प्रेम घोड्यावरही नाही आणि सारथ्यावरही नाही, ते कापडाच्या रंगावर आहे. भर शर्यतीत सारथ्यांनी रंग बदलले तर लोकही बाजू बदलतील. दिओक्लेस नावाच्या सारथ्याचा हिशेब शिलालेखात आहे : ४२५७ शर्यती, १४६२ विजय, मिळकत ३ कोटी ५८ लाख ६३ हजार १२० सेस्टर्स. ताईने जिंकण्याचा शेकडा लगेच काढला, चौतीसच्या वर. लाल गटाचा फेलिक्स मेला तेव्हा त्याच्या एका चाहत्याने चितेत उडी घेतली. विरोधी गटाने लगेच उठवलं की त्याला सुगंधी द्रव्यांच्या वासाने भोवळ आली होती. चाहत्याचं श्रेयसुद्धा समोरच्याला द्यायचं नाही!

शनिवार : ठरल्याप्रमाणे एक सकाळ

कोलोसियम. गर्दीबद्दल लिहीत नाही. ८० कमानींचं हे बांधकाम इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने उघडलं आणि १०० दिवस खेळ चालवले. उत्तरेच्या बाजूला, उभ्या राहिलेल्या बाहेरच्या भिंतीवर कमानींवर कोरलेले आकडे आजही वाचता येतात, २३ पासून ५४ पर्यंत. आपल्या प्रवेशाच्या खुणेवरचा आकडा बघायचा, त्या कमानीतून शिरायचं. माझी मान त्या आकड्यांकडे बघून दुखली. पन्नास हजारांच्या आसपास माणसं आत घ्यायची आणि खेळ सुटल्यावर बाहेर काढायची, हे ज्याने जमवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे आखाड्याखालचं तळघर. वरची लाकडी फळी गेल्यामुळे ते उघडं पडलंय. इथून पिंजरे आणि देखावे दोरांच्या रहाटांवर वर चढवले जात. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं बॅकस्टेज, आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नाही. उन्हासाठी वर कापडी छत होतं, आणि ते ओढायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी आणलेले असत. शिडाच्या दोऱ्या ज्यांना कळतात त्यांनाच हे काम झेपणार. ताई वरच्या मजल्यावर जाऊन बायकांची जागा बघून आली. "तिथून माणूस मेला की पडला, काही कळलं नसतं," एवढंच म्हणाली.

रविवार : ओस्तिया

पिरामिदे स्थानकाशेजारून सुटणाऱ्या लोकलने ओस्तिया अँतिका. हे रोमचं बंदर. पाइनची झाडं, विटांच्या भिंती, आणि मुख्य रस्त्याला लागूनच नाट्यगृह. मूळ ऑगस्टसचा सहकारी अग्रिपा याच्या काळातलं, पुढे इ.स. १९६च्या सुमारास वाढवलेलं. तीन-चार हजार माणसं बसतील एवढं. बसायच्या पायऱ्या विसाव्या शतकात पुन्हा उभारलेल्या आहेत, त्यामुळे दगडांवर हात फिरवून 'दोन हजार वर्षं' वगैरे म्हणायची सोय नाही. पण माप खरं आहे आणि उन्हाळ्यात इथे प्रयोगही होतात. रंगपीठाजवळ दगडी मुखवटे ठेवलेत, उघड्या तोंडाचे, कपाळावर केसांच्या गुंडाळ्या. एकाच्या तोंडात माझी मूठ सहज मावली असती. हात लावायला मनाई आहे, म्हणून अंदाज.

मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि ताईला खाली उभं केलं. नाटकातलं काही येत नाही म्हणून तिने एकोणतीसचा पाढा सुरू केला, वर्गात म्हणायची त्याच सुरात. एकोणतीस सत्ते त्र्याण्णव... नाही, दोनशे तीन, म्हणून तिने स्वतःला दुरुस्त केलेलंही मला वर स्वच्छ ऐकू आलं. एका जर्मन कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. रोमन काळात रंगमंचामागे प्रेक्षागृहाइतकीच उंच, खांबांनी भरलेली भिंत असे. आवाज तिच्यावर आपटून पुढे यायचा. ती भिंत आता नाही, मागे थोडे खांब आणि झाडं दिसतात. तरीही माइकवाचून एवढं चालतंय, म्हणजे भिंत असताना काय असेल?

रंगमंचामागे मोठा चौक आहे आणि त्याच्या कडेने व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या. प्रत्येक दारात काळ्या-पांढऱ्या मोझेकची पाटी. जहाजं, दीपगृह, धान्याचं माप, आणि आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांचा हत्ती. नाटकाला आलेली माणसं मधे पाय मोकळे करायला या चौकात येत असणार, आणि व्यापारी त्यांना गाठत असणार. जाहिरातीला याहून चांगली जागा नाही. अखेरच्या काळात या नाट्यगृहाच्या पुढच्या अर्धवर्तुळात पाणी भरून जलक्रीडेचे खेळ करायचे. शब्द ऐकायला कुणी उरलं नाही की नाट्यगृहाचं असंच होतं.

शब्दांचं कठीणच होतं म्हणा. तेरेन्स या नाटककाराचं 'हेकिरा' इ.स.पू. १६५ मध्ये पहिल्यांदा लागलं. मुष्टियुद्ध आणि दोरीवर चालणारा येतोय अशी हूल उठली आणि प्रयोग कोसळला. पाच वर्षांनी पुन्हा लावलं, तेव्हा ग्लॅडिएटर येणार अशी आवई उठून नाट्यगृहात दंगा झाला. तिसऱ्या वेळी मात्र पार पडलं. नटाने प्रस्तावनेत हे सगळं प्रेक्षकांनाच ऐकवलंय. आमच्या राज्य नाट्यस्पर्धेच्या केंद्रावर समोर लग्नाची वरात आली होती, त्याची आठवण झाली.

सोमवार : नेपल्सचं संग्रहालय

सकाळच्या गाडीने नेपल्स. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतलं निवडक सगळं इथे आणून ठेवलंय. मी एका मोझेकसमोर इतकी रेंगाळले की पहारेकरी दोनदा येऊन गेला. पॉम्पेईतल्या एका घरात, बैठकीच्या खोलीच्या जमिनीत हे चित्र होतं, तालमीचं. मधे एक टक्कल पडलेला, दाढीवाला म्हातारा बसलाय, पायाशी मुखवट्यांची पेटी. डावीकडे कमरेला बकऱ्याचं कातडं गुंडाळलेले दोन नट, एकाने मुखवटा कपाळावर सरकवलाय. एक जण जोडबासरी वाजवतोय. आणि उजवीकडे एक नट डोक्यातून अंगरखा घालतोय, हात अजून बाहीत अडकलेले, आणि मदतनीस मागून कापड खाली ओढतोय. तो मदतनीस म्हणजे मी. जगातल्या कुठल्याच चित्रात मला माझं काम इतकं नेमकं दिसलेलं नाही.

शेजारच्या दालनात सामोसच्या दिओस्कुरिदेसची सही असलेली छोटी मोझेकं आहेत, रस्त्यावरचे वादक, डफ, झांजा. खडे इतके बारीक की पाव हात अंतरावरूनही रंगवल्यासारखं वाटतं.

मग दंगलीचं भित्तिचित्र. इ.स. ५९ मध्ये पॉम्पेईत ग्लॅडिएटरांच्या झुंजी होत्या. शेजारच्या नुकेरियाहून लोक आले होते. आधी शिव्या, मग दगड, मग हत्यारं. नुकेरियाची माणसं मेली, जखमी झाली. प्रकरण सम्राट नीरोकडून सेनेटपर्यंत गेलं आणि पॉम्पेईला अशा खेळांवर १० वर्षांची बंदी आली. इतिहासकार टॅसिटसने हे लिहिलंय, आणि कुणा पॉम्पेईकराने ते घराच्या भिंतीवर रंगवून घेतलंय. आखाडा वरून दाखवलाय, छताचं कापड अर्धं ओढलेलं, बाहेर झाडांखाली विक्रेत्यांचे मांडव, आणि सगळीकडे हाणामारी. बंदी आली त्याचं चित्र घरात काढून घेणारा माणूस कसा असेल, यावर आमची जेवताना चर्चा झाली. ताईच्या मते तो मारणाऱ्यांत होता.

निघताना हस्तिदंताची एक छोटी भारतीय बाई बघितली, दागिने घातलेली, पॉम्पेईतल्या घरात १९३८ मध्ये सापडलेली. तिच्यासारख्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. नाटकाशी हिचा संबंध नाही, पण जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथे कुणाला आठवत नसताना आपण आठवायला हवं.

मंगळवार : पॉम्पेई

आता पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांनाच सोडतात, तिकिटावर नाव घालून. इथल्या आखाड्यातही साधारण २०,०००च बसायचे, हे ताईने दारातच काढलं.

आधी आखाडा. इ.स.पू. ७०च्या सुमाराचा, ज्ञात असलेल्या दगडी आखाड्यांत सगळ्यात जुना. त्याच्या बाहेरच्या अंगाला दोन बाजूंनी चढत वर एकत्र येणारा जिना आहे, कालच्या चित्रातला तोच. आत तळघर नाही, यंत्रं नाहीत, गवत आणि ऊन. खेळांच्या जाहिराती गावातल्या भिंतींवर रंगवत. एकीत लुक्रेतियस सात्रियस व्हालेन्सच्या २० आणि त्याच्या मुलाच्या १० जोड्या ८ ते १२ एप्रिल लढतील, जनावरांची शिकारही होईल आणि 'छत लावलं जाईल' असं आश्वासन आहे. खाली रंगाऱ्याने स्वतःची नोंद केलीय, एमिलियस केलेरने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. ग्लॅडिएटर राहत त्या घरात सेलादुस हा पोरींना सुस्कारे टाकायला लावतो असं कोरलेलं सापडलंय. "स्वतःच लिहिलं असणार," ताई म्हणाली. नटांचे चाहतेही मागे नव्हते. पारिस या नटाची मंडळी म्हणवणारा गट एका निवडणुकीत उमेदवाराला जाहीर पाठिंबा देतो.

मग लांबलचक रस्ता तुडवत नाट्यगृहांकडे. छोटं नाट्यगृह छप्पर असलेलं, हजार-दीड हजारांचं. त्याच्या पायऱ्यांच्या टोकाला गुडघे टेकलेले दगडी पुरुष दोन्ही हात वर करून भार पेलतायत. पाठीचे स्नायू तटतटलेले, चेहरा वैतागलेला. शेजारी मोठं नाट्यगृह, पाच हजारांचं. ऑगस्टसच्या काळात होल्कोनियस घराण्यातल्या दोघांनी ते नव्याने सजवलं. वास्तुकार मार्कस आर्तोरियस प्रिमस हा मुक्त केलेला गुलाम होता आणि त्याच्या नावाचा लेख मिळालाय. काही आसनांवर रेघा मारून जागा आखलेल्या आणि क्रमांक घातलेले आढळले, एका माणसाला जेमतेम ४० सेंटीमीटर.

रंगपीठाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, एक अरुंद लांब खाच आहे. पडद्याची. रोमन पडदा वरून पडत नसे. नाटक सुरू होताना तो या खाचेत खाली उतरायचा आणि संपताना खालून वर चढायचा, त्यावर रंगवलेली माणसं डोक्यापासून हळूहळू उगवत, पाय शेवटी. खाचेत खांब बसवायची चौकोनी भोकं आहेत. खालून एवढं कापड एकसारखं वर चढवायचं म्हणजे दोऱ्यांवर किती जण लागत असतील, याचा मी अंदाज करत बसले. निदान सहा.

उन्हाळी नाटकांची तयारी सुरू होती. मंचावर लाकडी फळ्या अंथरलेल्या, दोन्ही बाजूंना लाइटचे उंच स्टँड, आणि एक पोरगा केबल जमिनीला चिकटवत होता. मी दोरीच्या अलीकडून खुणेनेच विचारलं, पडदा कुठाय? त्याने हात हलवले. पडदा नाही, म्हणाला, अंधार करतो. मग त्याने माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तेआत्रो?" मी मान हलवली. त्याने चिकटपट्टीचं भेंडोळं वर करून दाखवलं. मी पर्समधलं माझं काढून दाखवलं. ताईने घड्याळ दाखवलं, कारण साडेपाचची लोकल गाठायची होती.